तसबिरीच्या पाठीमागचें नांव

जुन्या घरांच्या माजघरांत, हात पुरणार नाहीं इतक्या उंच खिळ्यावर, पुढें किंचित् कललेली अशी एक तसबीर बहुधा असतेच. एक तरुण गृहस्थ खुर्चीवर बसलेला, डोक्यास पगडी अथवा रुमाल, अंगांत बंद गळ्याचा कोट; शेजारीं नऊवारी लुगडें नेसलेली एक लहानखुरी मुलगी उभी, तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. दोघेंही समोर पाहत आहेत, एकमेकांकडे नाहींत. 'हे कोण?' असें कोणीं विचारलें कीं घरांतलीं माणसें चटकन् सांगतात, 'हे आमचे आजोबा.' 'आणि शेजारीं उभ्या आहेत त्या?' या दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर येण्यास थोडा वेळ लागतो. आजचा आमचा लेख या थोड्या वेळासंबंधीं आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या पुतण्याचें लग्न झालें. लग्नापूर्वीं वधूवरांनीं कोठें तरी रम्य स्थळीं जाऊन छायाचित्रें काढवून घ्यावींत, ही रीत आतां आमच्या जालन्यासारख्या गांवींही चांगली रुळली आहे. मोती तलावाच्या काठीं जाण्याचा बेत मुलांनीं ठरविला. आमच्या वडील वहिनींस तो मुळींच रुचला नाहीं. 'अक्षता पडायच्या आधीं हातांत हात घालून परक्या माणसासमोर उभें राहायचें, हें कसलें कौतुक?' असें त्यांचें म्हणणें. 'आई, आतां सगळेच काढतात,' एवढेंच पुतण्याचें उत्तर. दोन दिवस घरांत बोलणें तुटक झालें. अखेर आम्हीं मध्यें पडून तडजोड केली, ती अशी कीं, तलावाकाठचीं छायाचित्रें अक्षता पडल्यावर काढावींत, आणि एक जोडीची तसबीर गांवांतील स्टुडिओंत जुन्या पद्धतीनें बसून काढवावी. ती कागदावर छापून माजघरांत लावूं. दोन्ही पक्षांनीं हें मान्य केलें.

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीं ही नवी तसबीर कोठें लावावी म्हणून नवी सूनबाई माजघरांत भिंत पाहत होती. जुन्या तसबिरीखालीं ती थबकली. 'काका, हे पणजोबा ना? आणि शेजारीं पणजी?'

'त्या पणजी नव्हेत,' आम्ही म्हणालों, 'त्या थोरल्या.'

'थोरल्या म्हणजे? त्यांचें नांव काय?'

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलांकडून नामाचीं सातही विभक्तींचीं रूपें घोकून घेतलीं. घरांतल्या या एका व्यक्तीचें नामच आम्हांस ठाऊक नव्हतें. वहिनींस ठाऊक नव्हतें, धाकट्या बंधूंस ठाऊक नव्हतें. जिच्या तसबिरीखालीं आम्ही जेवलों, अभ्यास केला, मुंजींत भिक्षावळ मागितली, तिला आम्ही नुसतें 'थोरली' म्हणत आलों होतों.

ही तसबीर आमच्या आजोबांची व त्यांच्या प्रथम पत्नीची आहे. वय सुमारें शंभर वर्षें. आजोबांची वडील बहीण हैदराबादेस दिलेली होती. तिच्याकडे हीं दोघें गेलीं असतां ती काढली, एवढें आजीच्या तोंडून आम्हीं ऐकलें होतें. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस स्टुडिओचें नांव इंग्रजी व उर्दू अशा दोन लिप्यांत उठविलेलें होतें; आतां त्यांतील 'हैदराबाद' एवढेंच लागतें.

लहानपणीं आम्हां भावंडांना या तसबिरींतील एका गोष्टीचें मोठें कोडें वाटे. थोरलीच्या कपाळावर कुंकवाच्या जागीं काळाकुट्ट ठिपका आहे. 'हिनें कपाळाला काजळ कां लावलें?' असें आम्ही विचारीत असूं. उलगडा पुढें या कलेवरील पुस्तकें वाचतां झाला. त्या काळच्या कांचेच्या प्लेटींवर रुप्याच्या क्षारांचा लेप असे. त्या लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. 'ऑर्थोक्रोमॅटिक' म्हणून ज्या सुधारलेल्या प्लेटी निघाल्या त्यांवर हिरव्याचाही होई. परंतु तांबड्या प्रकाशाचा मात्र जवळजवळ मुळींच होत नसे. म्हणूनच अंधारखोलींत तांबडा दिवा लावून काम करतां येई. यामुळें जें तांबडें तें चित्रांत काळें उतरे, आणि निळें आकाश पांढरें. सर्व रंग पारखणाऱ्या 'पॅन्क्रोमॅटिक' प्लेटी १९०६ मध्यें विलायतेंत विक्रीस आल्या; परंतु त्या पूर्ण काळोखांत हाताळाव्या लागत, म्हणून पुष्कळ स्टुडिओंनीं जुन्याच प्लेटी दीर्घकाळ चालविल्या. तेव्हां वाचकांच्या घरच्या तसबिरींत एखाद्या पणजीच्या कपाळीं असा काळा ठिपका असेल तर तो कुंकवाचाच समजावा.

ही कला आमच्या प्रांतांत कशी आली, तेंही थोडें सांगितलें पाहिजे. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिस येथें दागेर यांची प्रकाशानें चित्र उमटविण्याची कृति जगजाहीर करण्यांत आली. पुढें पंधरा वर्षांतच, १८५४ मध्यें, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंतील आद्य एतद्देशीय मंडळींपैकीं होत. आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत धंद्याचा स्टुडिओ चालवून नांव मिळविलें.

आमचा जालना भाग मात्र त्या काळीं मुंबईकडे नव्हे, हैदराबादेकडे तोंड करून होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यांत. त्यानंतरही जालना हा औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुका, आणि स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-हैदराबाद मीटरमापी लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला, आणि नोकरी, कोर्टकचेरी, औषधपाणी व तसबीर या सर्वांसाठीं आमची मंडळी त्या गाडीनें हैदराबाद गांठूं लागली.

तेथें या कलेंतील मोठें नांव म्हणजे लाला दीनदयाळ. मेरठजवळील सरधना येथें १८४४ मध्यें यांचा जन्म झाला. आरंभीं इंदुरास बांधकाम खात्यांत नोकरी करून पुढें हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. १९०५ मध्यें वारले. त्यांनीं १८९२ मध्यें हैदराबादेंत केवळ स्त्रियांसाठीं एक निराळा स्टुडिओ उघडला. भोंवतीं उंच भिंती, आंत कामास स्त्रियाच, आणि कॅमेऱ्यामागें केनी-लेव्हिक नांवाच्या एक इंग्रज बाई. परक्या पुरुषानें काळ्या कपड्यांत डोकें घालून घरच्या लेकीसुनांकडे पाहावें, ही गोष्ट त्या वेळच्या खानदानी कुटुंबांना सोसत नव्हती, म्हणून ही योजना. आम्हीं ही हकीकत वहिनींस वाचून दाखविली, तेव्हां त्या म्हणाल्या, 'मग मी निराळें काय म्हणत होतें?' आमच्याजवळ उत्तर नव्हतें. कॅमेऱ्यासमोर जोडप्यानें कसें उभें राहावें, याचा वाद कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

आमच्या आजोबांच्या वेळीं तसबीर काढणें हा एक सोहळाच होता. स्टुडिओची खोली बहुधा वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे कांचेचीं तावदानें. कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यांत ऊन येत नाहीं. मागें रंगविलेला पडदा. त्यावर खांब, कमानी, बाग, एखादा जिना. ज्या घरांत शेणानें सारवलेली जमीन, तेथील जोडपें चित्रांत संगमरवरी महालासमोर उभें दिसतें तें या पडद्याच्या कृपेनें. तिपाईवर फुलदाणी, गृहस्थाच्या हातीं पुस्तक. मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी चिमटा लावण्याची तजवीज कांहीं ठिकाणीं असे. मंद प्रकाशांत प्लेटीवर चित्र उमटण्यास दोन-चार सेकंद लागत, आणि तेवढा वेळ हंसूं टिकत नाहीं. म्हणून जुन्या तसबिरींत कोणी हंसत नाहीं. आमचे वाडवडील रागीट होते असा त्यावरून तर्क करणें अन्यायाचें होईल. पुढें कांचेवर टोंकदार शिसपेन्सिलीनें वण, सुरकुत्या पुसल्या जात, आणि जास्त पैसे दिल्यास हातानें रंगही भरून मिळत.

आमची तसबीर ६½ × ४¾ इंचांची, म्हणजे ज्याला हाफ-प्लेट म्हणत त्या आकाराची आहे. पोशाखाची घडी अजून कडक दिसते. थोरलीचें लुगडें दाट काळें आहे, म्हणजे तें बहुधा तांबडें असावें. पायांत जोडवीं आहेत. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, आजोबांच्या खांद्यापासून चार बोटें दूर. वय पंधरा-सोळांहून अधिक नसावें.

तसबीर काढल्यावर दोन वर्षांच्या आंत थोरली बाळंतपणांत गेली. मूलही राहिलें नाहीं. तसबीर काढल्यानें आयुष्य घटतें, अशी समजूत तेव्हां सर्वत्र होती. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' दाखविण्यापूर्वीं फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता, आणि या समजुतीचा त्रास त्यांनाही झाल्याचें त्यांचे चरित्रकार सांगतात. आमच्या घरांत या समजुतीस जणूं पुरावाच मिळाला. 'जोडीनें फोटो काढला आणि जोडी मोडली,' असें घरच्या वडील बायका म्हणूं लागल्या. खरी गोष्ट अशी कीं, तसबिरीनें कोणाचें आयुष्य घटत नाहीं. लहान वयांतील बाळंतपणानें मात्र घटत असे, आणि तेव्हां जवळ डॉक्टर नव्हता, सुईण होती ती हात धुण्याचें महत्त्व जाणत नव्हती. परंतु दोष लागला तो कॅमेऱ्याला.

याचा परिणाम आमच्या आजीला भोगावा लागला. ती आजोबांची द्वितीय पत्नी. पन्नासांहून अधिक वर्षें तिनें संसार केला, पांच मुलें वाढविलीं. परंतु आजोबांशेजारीं बसलेली तिची एकही तसबीर नाहीं. सासूनें बंदी घातली ती कायमची. मुलांनीं पुढें पुष्कळ आग्रह केला, पण ती म्हणे, 'माझी जागा तिथं भरलेली आहे.' हें ती रागानें म्हणत नसे. दर दिवाळीस, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीं, ती स्वतः स्टुलावर चढून ती तसबीर उतरवी, कांच पुसी आणि थोरलीच्या कपाळावर कांचेवरूनच कुंकवाचें बोट लावी. 'तिचं काळं दिसतं, म्हणून लाल लावते,' असें एकदां ती आम्हांस म्हणाली. नवऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, आणि सवतीचें तर नाहींच, ही तिच्या पिढीची रीत. म्हणून 'थोरली' हाच शब्द राहिला. आजी गेली १९७९ मध्यें. आम्ही तेव्हां जाणते होतों, विचारूं शकलों असतों. विचारलें नाहीं.

सूनबाईच्या प्रश्नानें आम्हांस झोंप लागेना. तिसऱ्या दिवशीं एक गोष्ट सुचली. महालयपक्षाच्या तर्पणांत पिता, पितामह, प्रपितामह, माता, पितामही, प्रपितामही यांच्याच ओळींत सापत्नमातेचाही उच्चार आहे, आणि प्रत्येकीचें नांव व गोत्र घ्यावें लागतें. आमची थोरली म्हणजे आमच्या वडिलांची सापत्नमाता. अर्थात् आमचे वडील दर वर्षीं भाद्रपदांत तिचें नांव घेत असले पाहिजेत! वडील गेल्यावर तर्पण आमच्याकडे आलें. परंतु आमच्या पाठांत ती ओळ नव्हती, कारण आम्हांस सापत्नमाता नाहीं. एका पिढीच्या अंतरानें तें नांव मंत्रांतूनही गळलें, आणि आमच्या तें ध्यानांतही आलें नाहीं.

वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावरून उतरविली. जुनीं पंचांगें, जमिनीच्या पावत्या, आणि त्यांखालीं लाल कापडी बांधणीची एक वही. शेवटच्या पानावर, वडिलांच्या वळणदार अक्षरांत, तर्पणाच्या नांवांची यादी. सातव्या ओळींत 'सापत्नमाता', आणि पुढें दोन अक्षरी नांव.

तें नांव आम्ही येथें छापीत नाहीं. तें घरचें आहे. परंतु सूनबाई, वहिनी आणि आम्ही त्या पानाभोंवतीं किती वेळ उभे होतों तें सांगतां येणार नाहीं. माजघरांत चेहरा होता, त्याला नांव नव्हतें. पेटींत नांव होतें, त्याला चेहरा नव्हता. दोहोंमध्यें अंतर एका जिन्याचें.

तरीही हें नांव निम्मेंच आहे. लग्नांत तबकांतल्या तांदुळांवर अंगठीनें लिहिलेलें तें सासरचें नांव. आईबापांनीं तिला कोणत्या नांवानें हांक मारली, तें वहींत नाहीं. ती अंबडकडची, असें आजी म्हणे; तिकडे ओळखीच्या दोन घरीं विचारून पाहिलें, परंतु कोणास सांगतां आलें नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. घरांतील प्रत्येक तसबिरीमागें नांवें आजच लिहावींत. स्त्रियांचीं दोन्ही नांवें लिहावींत, माहेरचें आधीं. माहेरचें गांव, प्रसंग, स्थळ, साल, आणि ही माहिती कोणीं सांगितली तेंही. लिहिण्यास मऊ शिसपेन्सिल घ्यावी. शाई व बॉलपेन कालांतरानें पुढच्या बाजूस उतरतात. दाब देऊन लिहूं नये, आणि लिहावयाचें तें चेहऱ्याच्या मागें नव्हे, कडेस. पुठ्ठ्यावर स्टुडिओचें नांव असेल तर चौकटींत बसावी म्हणून तो कापूं नये; तोच कधीं कधीं एकमेव पुरावा असतो.

जपणुकीसंबंधीं इतकें लक्षांत ठेवावें. तसबीर उन्हाच्या व ओलीच्या भिंतीवर नसावी. कांच पुसावी ती कोरड्या फडक्यानें. पाण्याचा फवारा मारल्यास तें चौकटींतून आंत उतरतें. चित्र कांचेस चिकटलें असेल तर ओढून काढूं नये, लेप कांचेवर राहतो आणि हातीं कोरा कागद येतो; तसेंच ठेवून वरून छायाचित्र घ्यावें. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन हीं दोन्ही टाळावींत. आम्लविरहित कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवणें सर्वांत उत्तम. मोबाइलमध्यें नक्कल अवश्य घ्यावी, परंतु नकलेबरोबर नांवेंही लिहावींत. नाहींतर आपल्या नातवंडांस हजारों चेहरे मिळतील आणि नांव एकाचेंही मिळणार नाहीं.

आमच्या घरीं यानंतर जें झालें तें सांगून लेख पुरा करतों. नवीं दोघें गांवांतील स्टुडिओंत जाऊन बसलीं. फोटोग्राफर तरुण होता. 'जवळ सरका, हंसा,' असें सारखें सांगत होता. सूनबाईनें खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तो थोरलीसारखा, हें आमच्या पुतण्याच्या लक्षांत आलें नाहीं, वहिनींच्या आलें. तसबीर छापून आली तेव्हां तिच्या मागें दोघांचींही नांवें लिहिलीं. सूनबाईनें माहेरचें नांव बदललेलें नाहीं, तेव्हां तिचें एकच. मग वहिनींनीं पेन्सिल मागून घेतली, आपल्या लग्नांतील तसबीर उतरविली आणि मागें आपलें माहेरचें नांव लिहिलें. चाळीस वर्षांत तें आम्हीं प्रथमच वाचलें.

शेवटीं जुनी तसबीर उतरवून सूनबाईनें पुठ्ठ्याच्या कडेस आजोबांचें व थोरलीचें नांव लिहिलें, खालीं आमच्या आजीचेंही लिहिलें, आणि 'माहेरचें नांव' असें लिहून पुढें जागा कोरी ठेवली. अंबडकडील कोणा वाचकांच्या घरीं, हैदराबादेस जाऊन तसबीर काढलेल्या आणि पुढें बाळंतपणांत गेलेल्या एखाद्या लेकीची आठवण अद्याप कोणी सांगत असेल, तर ती जागा भरण्याची आमची इच्छा आहे. आणि इतर सर्व वाचकांस विनंती कीं, येत्या दिवाळीस तसबिरी पुसण्यास उतरवाल तेव्हां घरांतील सर्वांत वडील बाईंस शेजारीं बसवून घ्यावें, आणि हातांत फडक्याबरोबर एक पेन्सिलही ठेवावी.